स्मार्ट थर्मोस्टॅट: पाचवी तार, गार बेडरूम आणि दिवसभर घरी असणारे आई-बाबा

नमस्कार. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये टाऊनहोम घेतलंय. बेसमेंटमध्ये गॅसची फर्नेस (घर तापवणारं यंत्र), बाहेर एसीचं युनिट. थर्मोस्टॅट खालच्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर. तो उघडला तर मागे चारच तारा दिसतात: लाल, पांढरी, पिवळी, हिरवी. नवा स्मार्ट थर्मोस्टॅट सेलमध्ये घेऊन ठेवलाय आणि खोक्यावर लिहिलंय की बहुतेक घरांत सी वायर, म्हणजे थर्मोस्टॅटला सतत वीज मिळावी म्हणून लागणारी पाचवी तार, लागत नाही. तो आपला आपण बसवावा का, गॅसचं बिल किती उतरेल आणि गराजवरची बेडरूम रात्री गार पडते ती यानं सुधारेल का, हे तुमचे तीन प्रश्न. शेवटी एक ओळ आहे की नोव्हेंबरात आई-बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी येतायत.

मी मध्य न्यू जर्सीत फर्नेस, एसी आणि हीट पंप (विजेवर चालून बाहेरची उष्णता घरात आणणारं यंत्र) बसवण्याची, दुरुस्त करण्याची कामं करतो. थर्मोस्टॅट बदलल्यावर तक्रार आली म्हणून ज्या घरांत मी जातो, तिथे वस्तूच खराब निघाली असं क्वचित होतं. एक तर भिंतीमागची तार अपुरी असते, नाही तर घरातली माणसं कधी, कुठे असतात याचा हिशेब त्या यंत्राला कुणी दिलेला नसतो. म्हणून तुमची ती शेवटची ओळ मला बाकीच्या तीन प्रश्नांइतकीच महत्त्वाची वाटते. तिच्याकडे येतोच, पण आधी तारा.

थर्मोस्टॅट उष्णता तयार करत नाही, हवा ढकलत नाही, फर्नेसची ताकदही वाढवत नाही. खोलीचं तापमान ठरवलेल्या आकड्याखाली गेलं की तो दोन तारा एकमेकींना जोडतो, आकडा गाठला की सोडवतो. पंख्याचा रेग्युलेटर पुढे सरकवला की वारा वाढतो, त्या सवयीनं पुष्कळ जण घर लवकर तापावं म्हणून आकडा थेट 80 अंश फॅरेनहाइटवर नेतात. तुमच्याकडे उष्णतेसाठी पांढरी एकच तार आहे, म्हणजे थर्मोस्टॅट फर्नेसला फक्त ‘चालू हो’ किंवा ‘बंद हो’ एवढंच सांगू शकतो. 70 ठेवलं काय आणि 80 ठेवलं काय, घर 70 पर्यंत पोचायला तेवढाच वेळ लागणार. 80 ठेवलं तर फर्नेस तिथे थांबणार नाही, एवढाच फरक.

आता त्या चार तारा. लाल म्हणजे आर: फर्नेसमधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरकडून येणारी 24 व्होल्टची वीज. पांढरी डब्ल्यू, उष्णतेसाठी. पिवळी वाय, एसीच्या कॉम्प्रेसरसाठी. हिरवी जी, पंख्यासाठी. आर आणि डब्ल्यू जोडल्या की फर्नेस पेटते. आर, वाय आणि जी जोडल्या की एसी चालतो. पण रंगावर विश्वास ठेवू नका. तार ओढणाऱ्यानं हाताला लागेल तो रंग वापरलेला मी पुष्कळदा पाहिलाय. तार ज्या अक्षराच्या टर्मिनलमध्ये बसवलेली आहे ते अक्षर खरं, आणि ते दोन्ही टोकांना बघायचं, भिंतीवरही आणि फर्नेसच्या कंट्रोल बोर्डवरही.

जुन्या थर्मोस्टॅटला स्वतःसाठी फारशी वीज लागत नव्हती, दोन पेन्सिल सेलवर तो वर्षभर चालायचा. नव्याला उजळ पडदा आहे, वाय-फाय आहे, त्याला सतत वीज हवी. वीज आरमधून येते, पण ट्रान्सफॉर्मरकडे परत जाणारी वाट असल्याशिवाय मंडल पूर्ण होत नाही. ती वाट म्हणजे सी. सी नसली तर काही कंपन्यांचे थर्मोस्टॅट डब्ल्यू किंवा वायच्या तारेतून अगदी थोडा प्रवाह ओढतात आणि आतली बॅटरी चार्ज ठेवतात. प्रवाह इतका थोडा की पलीकडचा रिले, म्हणजे फर्नेस किंवा एसी चालू करणारा विजेचा स्विच, उचलला जाऊ नये. खोक्यावरचं वाक्य या युक्तीच्या भरवशावर आहे, आणि ते खोटं नाही. बऱ्याच घरांत हे वर्षानुवर्षं चालतं. पण प्रत्येक कंट्रोल बोर्ड तो चोरटा प्रवाह सारखाच सहन करत नाही. आणि फर्नेस चालू असते तेव्हा आर आणि डब्ल्यू एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे त्या दोघींमध्ये ओढायला व्होल्टेजच उरत नाही. म्हणजे कडाक्याच्या थंडीत, फर्नेस जवळजवळ अखंड चालत असताना, बॅटरी भरण्याची संधी सर्वांत कमी मिळते.

लक्षणं ठरलेली आहेत. फर्नेसमधून टकटक आवाज येतो, पंखा कारण नसताना सुरू होतो, वाय-फाय तुटतं, बॅटरी कमी असल्याचा संदेश येतो आणि एका सकाळी पडदा काळा. सप्टेंबरात हौसेनं बसवलेला थर्मोस्टॅट जानेवारीत बंद पडतो तो असा. म्हणून माझं मत ठाम आहे: चालेल की नाही याची परीक्षा घेऊ नका, सी वायर द्याच. वयस्कर माणसं घरात असताना तर नक्कीच.

ती कुठून आणायची? पहिला प्रयत्न फुकट आहे. जुन्या थर्मोस्टॅटची प्लेट सैल करा आणि केबल भिंतीतून हलकेच दोन-तीन इंच बाहेर ओढा. पुष्कळदा केबल पाच तारांची असते आणि पाचवी, बहुधा निळी, न वापरता केबलभोवती गुंडाळून भिंतीत सारलेली असते. ती सापडली तर तुमचं निम्मं काम झालं. फक्त ती खाली फर्नेसपाशीही तशीच गुंडाळलेली असणार. तिथे कंट्रोल बोर्डवरच्या सी टर्मिनलला ती जोडावी लागेल. हे विसरून भिंतीवर सी जोडलेली आणि खाली ती हवेत लोंबकळणारी, अशी घरं मला नेहमी भेटतात.

पाचवी तार नसेल तर तीन-चार वाटा आहेत. थर्मोस्टॅटच्या कंपनीचा स्वतःचा जोडसंच मिळतो, काही खोक्यांत तो आधीच असतो. तो फर्नेसपाशी बसवला की चार तारांवर पाच तारांचं काम होतं. तुमच्यासारख्या घरात मला हा पर्याय सरळ वाटतो. दुसरी वाट नवी केबल ओढण्याची. तुमचा थर्मोस्टॅट तळमजल्यावर आहे आणि फर्नेस त्याच्या खाली बेसमेंटमध्ये. बेसमेंटचं छत उघडं असेल तर हे काम अवघड नाही, आणि ओढायचीच तर आठ तारांची ओढा, म्हणजे पुढेमागे हीट पंप घेतला तरी भिंत परत उघडायला नको. तिसरी वाट जवळच्या सॉकेटमध्ये लावायच्या 24 व्होल्टच्या वेगळ्या ट्रान्सफॉर्मरची. चालते, पण भिंतीवरून लोंबणारी तार दिसते आणि कुणी तो प्लग काढला तर थर्मोस्टॅट गेला. चौथी युक्ती जीची तार सी म्हणून वापरण्याची. गॅसच्या फर्नेसमध्ये उष्णतेच्या वेळी पंखा बोर्ड स्वतःच चालवतो, म्हणून हे जमू शकतं, पण एसीसाठी खाली बोर्डवर वाय आणि जीमध्ये एक तुकडा जोडावा लागतो आणि नुसता पंखा चालवण्याची सोय जाते. अगदीच इलाज नसेल तर.

बसवणं तुम्ही स्वतः करू शकता, एका अटीवर. भिंतीमागे दोनच जाड तारा, त्यांवर प्लास्टिकच्या टोप्या आणि कुठेतरी 120 किंवा 240 व्होल्ट असं लिहिलेलं दिसलं, तर तो बेसबोर्ड हीटरचा (भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या विजेच्या हीटरचा) घरगुती विजेवरचा थर्मोस्टॅट असतो. त्याला हा स्मार्ट थर्मोस्टॅट चालत नाही आणि तिथे हात घालणं धोक्याचं आहे. तुमच्या तारा बारीक आहेत, तुमचं तसं नाही. इतर कुणी वाचत असेल तर हे आधी तपासा.

मग वीज बंद करा, आणि ती फर्नेसची. भिंतीवर थर्मोस्टॅटला वेगळं बटण नसतं. आपल्या भागात बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी किंवा फर्नेसच्या बाजूला एक स्विच असतो, पुष्कळदा लाल पट्टीचा. तो बंद करा, पॅनेलमधले फर्नेसचे आणि एसीचे दोन्ही ब्रेकर पाडा. 24 व्होल्टनं माणसाला इजा होत नाही, पण लाल तार चुकून सीला टेकली की बोर्डवरचा छोटा फ्यूज उडतो. गाडीत असतात तसे हे फ्यूज, बहुधा 3 किंवा 5 अँपिअरचे. नवा थर्मोस्टॅट लावला आणि पडदा उजळलाच नाही, असा फोन आला की मी आधी तोच फ्यूज बघायला सांगतो. आणि दुसरं म्हणजे फर्नेसचं दार. त्याच्या मागे एक दाबाचा स्विच असतो. दार नीट बसलं नाही तर फर्नेसला वीजच मिळत नाही.

जुना काढण्याआधी तारांचा स्पष्ट फोटो घ्या आणि प्रत्येक तारेला अक्षराची चिठ्ठी चिकटवा. जुन्यावर आरएच आणि आरसी अशी दोन टर्मिनलं असून त्यांच्यात छोटा तुकडा जोडलेला असेल, तर तो तुकडा नव्याला सहसा लागत नाही. तारा लावून झाल्या की एक काम करा जे सूचनापत्रात बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच: भिंतीतलं ते भोक बुजवा. थोडी पुटी किंवा फोमचा तुकडा पुरे. भिंतीच्या पोकळीतून बेसमेंटची गार हवा वर येते आणि थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर लागते. मग तो घर आहे त्याहून गार समजतो आणि फर्नेस उगाच चालत राहते. मी काही घरांत नुसतं हे भोक बुजवून तक्रार मिटवली आहे.

जागेबद्दलही एक शब्द. जेवणाचं टेबल म्हणजे स्वयंपाकघर जवळच असणार. संध्याकाळी चारही शेगड्या पेटलेल्या, कुकरच्या शिट्या चालू, आणि थर्मोस्टॅटला वाटतं घर 73 झालं. तेवढ्या दोन तासांत फर्नेस लागत नाही आणि वरच्या खोल्या गार होत जातात. तुमची बेडरूम रात्री गार असते त्याचं एक कारण इथेच असू शकतं. नवी केबल ओढणारच असाल तर थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, ऊन, शेगडी आणि हवेचा झोत यांपासून दूर न्या.

इथवर तारांचं झालं: पाचवी तार शोधा, नसेल तर जोडसंच लावा, फर्नेसची वीज बंद करून काम करा, भोक बुजवा. आता बिल.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं म्हणणं असं आहे की रोज आठ तास तापमान नेहमीपेक्षा 7 ते 10 अंश फॅरेनहाइट खाली ठेवलं तर हीटिंग-कूलिंगच्या वार्षिक खर्चात 10 टक्क्यांपर्यंत बचत होते. स्मार्ट थर्मोस्टॅटसाठी एनर्जी स्टारचा (ऊर्जा वाचवणाऱ्या उपकरणांना चिन्ह देणाऱ्या अमेरिकी सरकारच्या कार्यक्रमाचा) सरासरी अंदाज सुमारे 8 टक्क्यांचा आहे. हे टक्के हीटिंग-कूलिंगच्या खर्चावरचे आहेत, पूर्ण बिलावरचे नव्हेत. तुमच्या गॅसच्या बिलात गरम पाणी, स्वयंपाक आणि बहुधा ड्रायरही आहे. आणि ही बचत घर रिकामं किंवा झोपलेलं असताना तापमान उतरवण्यातून येते. तुम्ही आत्तापर्यंत ऑफिसला जाताना हातानं आकडा खाली आणत असाल तर ती बचत तुम्ही आधीच करत होतात. मागच्या पिढीच्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या थर्मोस्टॅटचं एनर्जी स्टार चिन्ह 2009 च्या अखेरीस काढून घेतलं गेलं, कारण लोक त्यात वेळापत्रक भरतच नव्हते आणि कागदावरची बचत घरात उतरत नव्हती. यंत्रात काही उणं नव्हतं. नव्या थर्मोस्टॅटचंही तसंच आहे.

तुमच्या घरात या हिवाळ्यात दिवसभर आई-बाबा असणार. म्हणजे दिवसा तापमान उतरवायची वेळच नाही, राहिली फक्त रात्र, आणि तीही बेतानं. तेव्हा मी तुमच्याशी स्पष्ट बोलतो: या वर्षी बिल बहुधा वाढेल, आणि त्यात थर्मोस्टॅटचा दोष नसेल. माणसं घरी आहेत म्हणून ते वाढेल आणि ते वाढायलाच हवं.

तरीही बचत मोजायची असेल तर डिसेंबरचं बिल जानेवारीच्या बिलाशी लावू नका. बिलावर डॉलरशिवाय थर्म्स दिलेले असतात, म्हणजे गॅस किती जळला ते. त्याला डिग्री-डेनं भागा. दिवसाचं सरासरी तापमान 65 अंशांपेक्षा जितकं कमी, तितके त्या दिवसाचे डिग्री-डे. सरासरी 35 असेल तर 30. महिन्याची बेरीज हवामानाच्या संकेतस्थळांवर मिळते. एका डिग्री-डेला किती गॅस लागला हा आकडा मागच्या वर्षीपेक्षा कमी आला तर खरी बचत झाली, नाही तर फक्त थंडी कमी होती.

आता गराजवरची बेडरूम. या टाऊनहोममध्ये ही खोली गार असणं इतकं सर्रास आहे की पत्ता ऐकून मी ती खोली ओळखतो. खाली न तापवलेलं गराज, दोन-तीन बाजूंनी बाहेरची भिंत, आणि डक्टच्या (तापलेली हवा खोल्यांत नेणाऱ्या नळाच्या) टोकाला असल्यामुळे पोचणारी हवा थोडी. स्मार्ट थर्मोस्टॅटसोबत खोलीत ठेवायचा छोटा सेन्सर मिळतो. तो घ्या, पण तो काय करतो हे समजून घ्या. थर्मोस्टॅट मग जेवणाच्या टेबलाऐवजी त्या खोलीचं तापमान बघून फर्नेस चालवतो, किंवा काही मॉडेलमध्ये निवडलेल्या खोल्यांची सरासरी धरतो. त्या खोलीकडे जास्त हवा तो पाठवू शकत नाही. बेडरूम 68 वर आणायची म्हणून खालचा मजला 73 झाला तरी तो फर्नेस चालूच ठेवेल. रात्री खाली कुणी नसतं, त्यामुळे हे चालून जातं: रात्री दहा ते सकाळी सहा बेडरूमचा सेन्सर, दिवसा खालचा, असं वेळापत्रक लावा.

खरी दुरुस्ती डक्टमध्ये आहे. बेसमेंटमध्ये मोठ्या डक्टमधून जिथे फांद्या फुटतात तिथे काहींवर छोटी मूठ दिसेल. ती आडवी-उभी केली की आतली झडप हवा अडवते किंवा सोडते. मूठ डक्टच्या दिशेनं असेल तर झडप उघडी. हिवाळ्यात जवळच्या, जास्त तापणाऱ्या खोल्यांच्या झडपा थोड्या मिटा आणि लांबच्या खोलीची पूर्ण उघडी ठेवा. एका वेळी थोडंच, मग एक-दोन दिवस बघा. खोल्यांमधली रजिस्टरं (हवा बाहेर येते त्या जाळ्या) धडाधड बंद करू नका. हवेची वाट आवळली की फर्नेस आतून प्रमाणाबाहेर तापते आणि सुरक्षेसाठी वारंवार बंद पडते. फिल्टर गच्च भरला तरी तेच होतं. रोज फोडणी आणि उदबत्ती असलेल्या घरात एक इंची फिल्टर महिन्याला काढून बघावा, थर्मोस्टॅटच्या तीन महिन्यांच्या आठवणीची वाट बघू नये. याउप्पर गराजच्या छतात इन्सुलेशन आहे का हे कुणाकडून तरी तपासून घ्या. त्या खोलीचा निकाल शेवटी तिथे लागतो, भिंतीवरच्या पडद्यावर नाही.

आणि आता आई-बाबा. स्मार्ट थर्मोस्टॅटला घर रिकामं आहे हे दोन गोष्टींवरून कळतं: ॲपमध्ये जोडलेले फोन घरापासून लांब गेले, किंवा त्याच्या स्वतःच्या सेन्सरपुढून बराच वेळ कुणी गेलं नाही. तुमच्या घरात ॲप तुम्हा दोघांच्या फोनवर असणार. तुम्ही दोघं ऑफिसला गेलात की थर्मोस्टॅटच्या लेखी घर रिकामं. आई-बाबांचा फोन भारतातल्या सिमचा, व्हॉट्सॲपपुरता वाय-फायवर, ॲपमध्ये नोंद नसलेला. दुपारी जेवून ते वरच्या खोलीत आडवे झाले की खालच्या सेन्सरपुढेही कुणी नाही. मग घर 62 वर उतरतं. तुम्ही सहाला येता तोवर ते परत 70 झालेलं असतं, कारण थर्मोस्टॅटला तुम्ही ऑफिसातून निघाल्याचं कळलेलं असतं.

हे मी अनेक घरांत पाहिलंय, आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण आपली माणसं बोलत नाहीत. शाल घेतात, मोजे घालतात, एवढ्या महागाच्या वस्तूला हात लावून काही बिघडलं तर, म्हणून लांब राहतात. विचारलं तर ‘ठीक आहे, थंडीचा देश आहे’ म्हणतात. मुलाला किंवा सुनेला आठवडे-आठवडे कळत नाही. ॲपमध्ये मागच्या दिवसांचा आलेख असतो. तो उघडून दुपारचे तास बघितले की सगळं दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान 18 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ नये असं म्हटलंय, आणि वयस्करांसाठी, बाळांसाठी आणि आजारी माणसांसाठी याहून जास्त लागू शकतं. 18 म्हणजे फॅरेनहाइटमध्ये साधारण 64. म्हणजे 62 हा आकडा आई-बाबा घरी असताना यायलाच नको.

तेव्हा ते येण्याआधी चार गोष्टी करून ठेवा. फोनच्या ठिकाणावरून चालणारं ‘होम-अवे’ पूर्ण बंद करा. ‘शिकण्याची’ सोय असेल तर तीही बंद करा. चार माणसं आपापल्या सोयीनं आकडा फिरवणार, त्यातून यंत्र जे शिकेल ते कुणाच्याच कामाचं नसेल. त्याऐवजी साधं वेळापत्रक भरा: सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत 70 किंवा 71, रात्री 67, आणि पहिल्या आठवड्यात आई-बाबांना विचारून ते सुधारा. तिसरं, हातानं आकडा बदलला तर तो किती वेळ टिकावा याची एक सेटिंग असते. ती ‘वेळापत्रकाच्या पुढच्या टप्प्यापर्यंत’ अशी ठेवा. काही थर्मोस्टॅटमध्ये ती मुळात ‘कायम’ अशी असते. मग कुणीतरी एकदा आकडा फिरवतं आणि तुमचं वेळापत्रक महिनोन्‌महिने त्या ‘होल्ड’खाली, म्हणजे धरून ठेवलेल्या आकड्याखाली, दबून राहतं. चौथं, पिन लावून कुलूप घालू नका. आई-बाबांना स्वतः दोन अंश वर-खाली करून दाखवायला सांगा, तुमच्यासमोर. नाशिकहून येणाऱ्या माणसाला फॅरेनहाइट लागत नाही, म्हणून तीन आकडे कागदावर लिहून थर्मोस्टॅटखाली चिकटवा: 68 म्हणजे 20, 70 म्हणजे 21, 72 म्हणजे 22.

पहाटे पाचला फर्नेस आपोआप सुरू झाली तर घाबरू नका. सहाला 70 हवं असेल तर किती आधी सुरुवात करावी लागेल हे थर्मोस्टॅट काही दिवसांत मोजतो आणि तेवढा आधी पेटवतो. नको असेल तर तेही बंद करता येतं.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात, कारण आई-बाबा तोवर परतलेले असतील. पंखा ‘ऑटो’वर ठेवा. ‘ऑन’ ठेवला तर एसी थांबल्यावर आतल्या कॉइलवर (गार नळ्यांवर) जमलेलं पाणी परत हवेत मिसळतं आणि आपल्याकडच्या दमट जुलैत घर चिकट वाटतं. ऐन उन्हाळ्यात थर्मोस्टॅटचा पडदा गेला तर थर्मोस्टॅटला दोष देण्याआधी पाणी जमा होणारा तबक-नळीचा भाग बघा. नळी तुंबली की तरंगता स्विच वीज तोडतो आणि काही जोडण्यांत त्याबरोबर थर्मोस्टॅटही काळा होतो. वीज कंपनीच्या सवलतीसाठी नाव नोंदवताना अटी वाचा. काही योजनांत मागणी वाढली की कंपनी दूरून तुमचा आकडा वर नेऊ शकते. जून 2021 मध्ये टेक्सासमध्ये हे झालं आणि आपण अशा योजनेत आहोत हे पुष्कळांना घर तापल्यावर कळलं. योजना वाईट नसतात, सवलत खरी असते, पण घरात वयस्कर किंवा तान्हं असेल तर विचार करून घ्या.

तुमच्याकडे गॅस आहे. पण नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया किंवा टेक्सासमधल्या कुणी हीट पंपाच्या घरात हेच वेळापत्रक लावलं तर तोटा होईल. हीट पंप एक युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता आत आणतो. रात्री आठ अंश उतरवून सकाळी एकदम वर नेलं की त्याच्यानं ते भरून निघत नाही, मग मदतीला विजेवर तापणाऱ्या पट्ट्या लागतात, ज्या एका युनिटला एकच युनिट उष्णता देतात. रात्री वाचवलेलं सकाळी तासाभरात जातं. हीट पंपवाल्यांनी दोन-तीन अंशांहून जास्त उतरवू नये, आणि बाहेर अमुक तापमानाच्या वर पट्ट्या लागू नयेत अशी मर्यादा थर्मोस्टॅटमध्ये भरून घ्यावी. ओ/बीची, म्हणजे हीट पंपानं कधी तापवायचं आणि कधी गार करायचं हे ठरवणाऱ्या झडपेची, सेटिंगही तपासावी. ती उलटी पडली तर उष्णता मागितल्यावर गार हवा येते.

पुढे कधी तुम्ही सगळेच भारतात जाणार असाल आणि तो हिवाळा असेल, तर फर्नेस बंद करून जाऊ नका. 55 अंशांच्या खाली घर जाऊ द्यायचं नाही, आणि तुमच्या घरात गराजच्या छतातून पाण्याचा पाइप जात असेल तर मी 60 ठेवायला सांगेन. बेसमेंटमधला पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. कमी तापमानाचा इशारा ॲपमध्ये चालू करा आणि वाय-फायचा राउटर बंद करून जाऊ नका. इंटरनेट नसलं तरी थर्मोस्टॅट फर्नेस चालवत राहतो, पण तुम्हाला नाशिकमध्ये इशारा मिळणार नाही. दूरून दिसण्याची सोय कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असते हेही लक्षात ठेवा. गूगलच्याच नेस्ट या नावानं विकल्या जाणाऱ्या लर्निंग थर्मोस्टॅटच्या पहिल्या दोन पिढ्यांचा ॲपशी असलेला संबंध गूगलनं 25 ऑक्टोबर 2025 पासून तोडला. भिंतीवर ते चालतात, फोनवर दिसत नाहीत. कुणा नातेवाइकानं जुना देऊ केला तर आधी मॉडेल विचारा. आणि शेजाऱ्याकडे किल्ली ठेवाच, कारण फर्नेस बंद पडली तर इशारा वाचून आत जाणारं कुणीतरी इथे हवं.

तुमच्या बाबतीत एकच गोष्ट मला इथून सांगता येत नाही: पाचवी तार आहे की नाही. फर्नेसचा स्विच बंद करून खालचं दार काढा आणि कंट्रोल बोर्डचा फोटो टाका, टर्मिनलांची अक्षरं वाचता येतील असा. त्यासोबत भिंतीमागच्या तारांचा एक, केबल थोडी बाहेर ओढून. सीच्या टर्मिनलला बाहेरच्या एसीची तार आधीच लावलेली असेल, तिला काढू नका. नवी तार त्याच स्क्रूखाली तिच्या जोडीनं बसते. फोटो दिसले की जोडसंच लागेल की निळी तार पुरेल ते सांगतो.